दुर्गम वाडीच्या विजेचे नियोजन करताना हिशेब आषाढाचा धरावा

कोकणातील दुर्गम वाडीसाठी परवडणाऱ्या आणि टिकाऊ ऊर्जेची आखणी करताना हिशेब वैशाखातील उन्हावर न मांडता आषाढाच्या झडीवर मांडावा, कारण वाडी अंधारात जाते ती बहुधा पावसाळ्यात, तारेवर झाड कोसळल्यावर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडचा किनारा आणि दापोली-मंडणगड परिसर झोडपून काढला, तेव्हा अनेक गावांना विजेसाठी कित्येक आठवडे थांबावे लागले. उत्तर ध्रुवाकडील वस्त्यांनाही असाच पेच सोडवावा लागतो, कारण तेथे गरज सर्वाधिक असते त्याच हिवाळ्यात सूर्य दिसेनासा होतो. अलास्कातील कोडियाक बेटाने जलविद्युत आणि पवनचक्क्या यांची सांगड घालून डिझेलची गरज जवळजवळ संपवली. एकाच साधनावर विसंबू नये, हा त्यातला भाग आपल्या उपयोगाचा आहे.

आरंभ घराघरांतील वापर मोजण्यापासून करावा. नऊ वॉटचे पाच एलईडी दिवे पाच तास, पंचाहत्तर वॉटचे दोन जुने पंखे दहा तास, थोडा वेळ टीव्ही आणि मोबाईल एवढे धरले, तर घराला दिवसाला सुमारे दोन युनिट लागतात. पंखे तीस वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) घेतले की हाच वापर एका युनिटाच्या आसपास येतो. म्हणून पॅनेल घेण्याआधी पंखे बदलावेत. त्याहून स्वस्त वीज कोठेही मिळणार नाही. मात्र एरवी बंद असणारी घरे गणपतीत चाकरमान्यांनी भरून जातात आणि तेव्हा पाऊसही पूर्ण सरलेला नसतो, त्यामुळे त्या दिवसांचा वापर वेगळा लिहून ठेवावा.

एक किलोवॉटचा सौर संच कोरड्या दिवसांत रोज सुमारे चार युनिट देतो, पण झडीच्या दिवशी तो एखाद्या युनिटावर येतो. दोन दिवस ऊन नसतानाही घराची रोजची एक युनिटाची गरज भागवायची, तर लिथियम बॅटरी अडीच युनिटांची आणि शिसे-आम्लाची चार युनिटांची लागेल, कारण दुसरी निम्म्याहून खाली उतरवली तर लवकर निकामी होते. ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला, जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की सुरक्षेसाठी स्वतःही बंद पडतो, ही गोष्ट अनेकांना संच बसवल्यावर कळते. त्यामुळे बाहेरची वीज गेल्यावरही बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी असा संच मागावा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा अधिक क्षमतेला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. परंतु ते ग्रिडशी जोडलेल्या घरगुती संचासाठी असून बॅटरीचा खर्च आपल्यालाच करावा लागतो.

जागा निवडताना माड-पोफळीची सावली तिन्हीसांजेपर्यंत पाहावी. मंगलोरी कौलांवर पॅनेल बसवण्यापेक्षा खळ्याच्या कडेला किंवा कातळावर काँक्रीटच्या पायावर, दक्षिणेकडे साधारण सतरा अंशांच्या उताराने ती बसवणे बरे. खाऱ्या वाऱ्याने साधे नट-बोल्ट लवकर गंजतात. म्हणून सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून लेप दिलेला) आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत, असे दरपत्रकातच लिहून घ्यावे.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांना पऱ्याची, म्हणजे ओढ्याच्या पाण्यावरील विजेची, मोठी जोड आहे, कारण सौर वीज घटते नेमकी तेव्हाच पाणी वाढते. पऱ्याला तात्पुरता बांध घालून सगळे पाणी एका पाइपातून दोनशे लिटरच्या पिंपात सोडावे आणि घड्याळ लावावे. पिंप दहा सेकंदांत भरले, तर प्रवाह सेकंदाला वीस लिटर झाला. पाणी तीस मीटर उंचीवरून छोट्या टर्बाइनवर सोडता आल्यास गळती-घर्षण वजा जाता सुमारे तीन किलोवॉट, म्हणजे दिवसाला सत्तर युनिटांच्या आसपास वीज मिळते आणि तीस घरांचा किमान वापर भागून काही उरतेही. ही मोजणी आषाढात एकदा आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा करावी. खालच्या शेतांचे पाणी तोडू नये, आवश्यक परवानग्या आधी घ्याव्यात आणि पाइपाच्या तोंडावरील जाळीत अडकलेला पालापाचोळा रोज कोण काढणार, हे नावानिशी ठरवावे.

स्वयंपाकाचा भार विजेवर टाकू नये. पाच-सहा गुरांचे मिळून रोज पन्नास किलो शेण मिळत असेल, तर दोन घनमीटरचा बायोगॅस संयंत्र चार-पाच माणसांचा स्वयंपाक भागवतो आणि उरलेली स्लरी (पातळ शेणखत) माडांना मिळते.

पैशांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. उभारणीला मुंबईच्या मंडळाकडून देणगी मिळू शकते, परंतु काही वर्षांनी बॅटरी बदलायच्या वेळी खाते रिकामे असते. म्हणून पहिल्या महिन्यापासून घरटी वर्गणी घेऊन स्वतंत्र खात्यात ठेवावी आणि वाडीत कायम राहणाऱ्या दोघांना तरी दुरुस्ती शिकवावी. त्यांत एक स्त्री असावी, कारण कामानिमित्त पुरुष बाहेरगावी जातात.

शिमग्याला सगळे गावात असतात, तेव्हा बैठक घेऊन निर्णय करावा, एप्रिलमध्ये पाया घालावा आणि मेअखेरीस बाहेरची वीज मुद्दाम बंद करून दोन रात्री संपूर्ण संच चालवून पाहावा. त्यात आढळलेले दोष मृग लागण्यापूर्वी दुरुस्त झाल्याशिवाय ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देऊ नये.