उजनीत नवं पाणी येताना: मच्छीमारांसाठी पावसाळी सल्ला

सोलापुरात पाऊस मनासारखा पडतो तो बहुधा सप्टेंबरात. उजनी मात्र भरते पुण्याकडच्या घाटावर जुलै-ऑगस्टात कोसळणाऱ्या पावसावर. दौंडहून उजनीत येणारा विसर्ग वाढल्याची बातमी आली की करमाळा-माढ्याच्या काठावरची भोई-कोळी मंडळी जाळी दुरुस्तीला काढतात. हात आवरायला हवा तो नेमका याच दिवसांत.

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तिथल्या छोट्या मच्छीमारांच्या प्रशिक्षणात पापलेट किती लांबीचं झाल्यावर धरायचं, ट्रॉल जाळ्याच्या (बोटीमागे ओढत नेतात त्या) शेवटच्या पिशवीला चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, का हवा, हे शिकवतात. आपल्या पाण्यात पापलेटही नाही आणि ट्रॉलही नाही. माशाला धरण्याआधी एकदा तरी अंडी घालू द्यायची, हे तत्त्व तेवढं सारखं. ते उजनीत किंवा सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावात कसं पाळायचं, हे इथल्या पाण्यावर उभं राहूनच शिकावं लागतं.

रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. म्हणून तर तळ्यातल्या माशाला इंजेक्शन देऊन बीज काढण्याची पद्धत शोधावी लागली. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ते करून दाखवलं. १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळतात तो त्यामुळेच. नदीत मात्र हे काम पूर करतो. गढूळ, वाहतं पाणी आलं की अंड्यावरची मादी प्रवाहाच्या उलट चढते, उथळ पसरलेल्या पाण्यात अंडी सोडते आणि १६ ते १८ तासांत त्यातून जिरे, म्हणजे इवली पिल्लं, बाहेर पडतात. एका किलोच्या रोहू मादीच्या पोटात लाखाच्या वर अंडी असतात. ती मादी ओढ्याच्या तोंडाशी आडव्या लावलेल्या जाळ्यात सापडली, तर बाजारात भाव फक्त किलोचा मिळतो.

म्हणून पहिलं सांगणं हेच: नवं पाणी आल्यापासून ऑगस्ट सरेपर्यंत भीमेच्या वरच्या अंगाला, ओढ्या-नाल्यांच्या तोंडाशी आणि नुकत्या बुडालेल्या गवताळ काठावर जाळं लावू नका. पोट फुगलेली, दाबताच अंडी गळणारी मादी जिवंत असेल तर तिथल्या तिथे पाण्यात सोडा.

यावर काठावरचा माणूस विचारतो, मग चूल कशी पेटायची? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बरंचसं चिलापीत (तिलापिया माशात) आहे. चिलापी पुराची वाट पाहत नाही. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण होते आणि दोन-तीन महिन्यांचं पिल्लूही प्रजननाला तयार होतं. या दोन महिन्यांत तिच्यावर भर द्या. अडचण एवढीच की चिलापीच्या जाळ्याचा आस लहान असतो आणि त्यात कटल्याची पोरंही अडकतात. त्यासाठी असं जाळं प्रवाहापासून लांब, काठाच्या आत वळलेल्या शांत पाण्यात लावा. रात्रभर न ठेवता दर दोन-तीन तासांनी उचला आणि कटला-रोहूची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) ओल्या हाताने सोडवून परत टाका. मोठ्या माशांच्या जाळ्याचा आस, ओलं जाळं ताणून गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत मोजला तर चार इंचांच्या खाली नको.

मरळ माशाचं वेगळं. काठालगत पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला की खाली आई-बाप राखणीला असतात. ते धरले की सगळा घोळका इतर माशांच्या पोटात जातो. तिथे गळही टाकू नका.

वडाप जाळं आणि मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्यांबद्दल स्पष्टच लिहितो. शंभर ग्रॅमचे दहा कटले आज विकले तर एक किलो भरतात. चांगलं खाद्य असलेल्या पाण्यात कटला वर्षभरात किलोच्या घरात जातो. त्या दहातले निम्मे मेले तरी पाच किलो हाती येतात. बारीक जाळं ओढणारा आपल्याच पुढच्या वर्षाच्या बाजारातून उचलतो, आणि शेजाऱ्याच्याही. उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून उजनी वजा टक्क्यांत गेली की हे नुकसान जास्तच, कारण सगळा मासा थोड्या पाण्यात गोळा झालेला असतो. सुरुंग आणि विष तर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे.

थाई मांगूर जाळ्यात आला तर परत सोडू नका, पाळूही नका. त्याच्यावर बंदी आहे आणि तो देशी मासा फस्त करतो. फाटकी नायलॉन जाळी पाण्यात टाकू नका, ती बेवारस पडूनही मासे मारत राहतात.

हे शिकवायला सभागृह लागत नाही. मच्छीमार संस्थेने विसर्ग वाढण्याआधी एक सकाळ काठावर ठेवावी: प्रत्येकाने आपलं जाळं आणावं, पट्टीने आस मोजावा, कुठल्या ओढ्याची तोंडं सोडायची ते गावाने मिळून ठरवावं. जुन्या जाणत्यांना आधी बोलू द्या, मासा कुठे चढतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मासे निवडणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांना बोलवायलाच हवं. बारीक मासा घ्यायला त्यांनी नकार दिला तर तो धरणारा दोनदा विचार करील.

कागदपत्रंही याच सकाळी उरका. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या किंवा मंदीच्या तीन महिन्यांसाठी पात्र मच्छीमाराच्या १,५०० रुपयांच्या बचतीत सरकार ३,००० रुपये घालतं. त्याच योजनेतल्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाखांचं संरक्षण आहे आणि हप्ता सरकार भरतं. नोंदणीसाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात संस्थेमार्फत अर्ज करा.

मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून ६ जण बुडाले, हे काठावरच्या प्रत्येक घराला माहीत आहे. वारा उठला की जाळं तिथंच सोडून काठाला या. हवा भरलेल्या ट्यूबवर बसून मासे धरायला जाणाऱ्यानेही लाइफ जॅकेट घालावं, आणि धरणाचे दरवाजे उघडे असताना खालच्या पात्रात उतरू नये.