ध्रुवीय गाळातले सूक्ष्मजीवाश्म वाचताना या चुका टाळा

अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रतळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्टा या डायटमची (डायटम म्हणजे सिलिकाच्या कवचातलं एकपेशीय शैवाल) चिमुकली, लांबट कवचं दिसली, की ‘इथे सागरी बर्फ होता’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. बऱ्याचदा ते बरोबरही निघतं. पण ध्रुवीय गाळ हा बेभरवशाचा साक्षीदार आहे. त्यात कवचं विरघळतात, लांबून वाहून येतात, सरकत्या हिमस्तराखाली भरडली जातात. त्यामुळे हवामानाबद्दल बोलण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या: हे कवच इथवर आलं कसं, आणि त्याच्या सोबतीचं काय काय नाहीसं झालं.

‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नव्हतं’ असं धरणं

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. फोरामिनिफेरा म्हणजे कवच असलेले एकपेशीय सागरी जीव. त्यांची चुनखडी कवचं थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या पाण्यात टिकत नाहीत. अंटार्क्टिकाच्या खंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर, पुष्कळ ठिकाणी वाळूचे कण चिकटवून घर बांधणाऱ्या फोरामिनिफेरांचीच कवचं शिल्लक राहतात. अशा नमुन्यात चुनखडी कवचं शून्य दिसली, तर तळावर ते जीव नव्हतेच असं म्हणता येत नाही. अर्धवट खाल्ल्यासारखे तुकडे, पृष्ठभागावरचे खड्डे, पातळ कवचांचा अभाव हे पाहा. ही चिन्हं असतील तर दोष विरघळण्याला द्या.

कधी नुकसान समुद्रात झालेलंच नसतं. शीतगृहात वर्षानुवर्षं पडून असलेल्या कोअरमधलं (कोअर म्हणजे नळीने काढलेला गाळाचा लांब दंडगोल) पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज हवेतल्या ऑक्सिजनने सडतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि कवचं डब्यातल्या डब्यात नाहीशी होतात. चाळणीत या आम्लातून आणि विरघळलेल्या चुन्यातून बनणाऱ्या जिप्समचे चकाकणारे, सुईसारखे स्फटिक दिसले आणि खोदकामाच्या वेळच्या नोंदीत त्याच थरात फोरामिनिफेरा असतील, तर हाच संशय धरायचा.

आर्क्टिकमध्ये हाच सापळा वेगळ्या रूपात भेटतो. सागरी बर्फात वाढणारे काही डायटम आयपी-२५ नावाचा मेदरेणू बनवतात. २००७ साली तो बर्फाची खूण म्हणून पुढे आला. तो गाळात मिळाला तर हंगामी बर्फ होता, इथवर ठीक. पण शून्य आला तर? बर्फ अजिबात नसेल तेव्हाही शून्य, आणि वर्षभर जाड बर्फाने प्रकाश अडवला असेल तेव्हाही शून्यच. म्हणून मोकळ्या पाण्यातल्या वनस्पतिप्लवकांचा एखादा रेणू सोबत मोजावा लागतो. दोन्ही नसतील तर कायमचा बर्फ, दुसराच भरपूर असेल तर मोकळा समुद्र. एकट्या आयपी-२५ वर काढलेला आलेख पाहिला की मी तरी पुढचा निष्कर्ष वाचण्याआधी दुसरा रकाना शोधतो.

टिकाऊ कवचांना बहुमत समजणं

फ्रॅजिलॅरिऑप्सिस केर्ग्वेलेन्सिस हा दक्षिण महासागराच्या मोकळ्या पाण्यातला डायटम. त्याचं सिलिकाचं कवच जाडजूड, म्हणून नाजूक जाती विरघळल्या तरी हा उरतो. टक्केवारीत त्याचा आकडा वाढला की बर्फ मागे हटला असं वाटतं, पण नुसत्या विरघळण्यानेही तसाच आकडा येतो. दर ग्रॅम गाळामागे एकूण कवचं किती, हे सोबत मोजा. एकूण संख्या कोसळली असेल आणि केर्ग्वेलेन्सिसची टक्केवारी तेवढी चढली असेल, तर सावध व्हा.

उलट टोकाला कीटोसेरॉस या डायटमचे विश्रांतिबीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळात तग धरणारी त्याची जाड कवचाची रूपं. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या गाळात ते इतके असतात की ४०० कवचं मोजली आणि त्यातली ३५० यांचीच निघाली, तर बर्फाबद्दल बोलायला फक्त ५० उरतात. कीटोसेरॉस वगळून वेगळी मोजणी करणं हाच त्यावरचा उपाय.

परक्या कवचांवर इमारत उभी करणं

ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतांतल्या सिरियस गटाच्या हिमनदीय निक्षेपांत सागरी डायटम सापडले. त्यांवरून पीटर वेब, डेव्हिड हारवूड आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली मांडलं की प्लायोसीनमध्ये (सुमारे ५३ ते २६ लाख वर्षांपूर्वीच्या काळात) पूर्व अंटार्क्टिकाचा हिमस्तर बराच वितळला होता, आतल्या खोऱ्यांत समुद्र शिरला होता आणि नंतर वाढलेल्या बर्फाने तो गाळ डोंगरावर नेऊन टाकला. वाद वर्षानुवर्षं पेटला. मग १९९६ साली लॉइड बर्कल आणि नोएल पॉटर यांनी कितीतरी जुन्या खडकांच्या भेगांत, अगदी अग्निज खडकांतसुद्धा, तसेच तरुण डायटम दाखवले. शिलारसातून थिजलेल्या खडकात समुद्र शिरलेला नसतो. वाऱ्याने उडवून आणलेली कवचं भेगांत बसली, हेच स्पष्टीकरण उरतं.

याच्या शेजारी ए-एन-डी-वन-बी हा कोअर ठेवा. २००६-०७ मध्ये अंटार्क्टिकात खोदकाम करणाऱ्या अँड्रिल प्रकल्पाने तरंगत्या रॉस हिमपट्टीखाली समुद्रतळात १,२८५ मीटरच्या आसपास खोदून तो काढला. त्यात प्लायोसीन काळातला जवळपास ९० मीटर जाडीचा डायटमाइट आहे, म्हणजे जवळजवळ निव्वळ डायटमांचा थर. तो वाऱ्याने साचत नाही. त्याला वर मोकळा समुद्र लागतो. एकेक कवच आणि अख्खा थर यांचं वजन सारखं धरायचं नाही. नमुना घेताना कोअरच्या कडेचा गाळही सोडा, कारण नळी आत शिरताना वरचा चिखल कडेने खाली फासला जातो.

हलका ऑक्सिजन म्हणजे उष्ण पाणी, हे समीकरण

निओग्लोबोक्वाड्रिना पॅचिडर्मा या ध्रुवीय फोरामिनिफेराच्या कवचातला ऑक्सिजन-१८, म्हणजे जड ऑक्सिजन, कमी भरला की पाणी तापलं असं म्हणण्याचा मोह होतो. हिमनग वितळून गोडं पाणी मिसळलं तरी तो कमीच भरतो. कवचातलं, एरवी तापमानासोबत वाढणारं मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर मदतीला घ्यावं तर शून्याजवळच्या तापमानाला ते फारसं हलत नाही. शिवाय हा जीव नेहमी पृष्ठभागावर नसतो, बऱ्याचदा खालच्या थरात राहतो, आणि वेडेल समुद्रात तर तो बर्फातल्या खाऱ्या पोकळ्यांतही जगताना सापडला आहे. ‘पृष्ठभागाचं तापमान’ असं लेबल लावण्याआधी त्याची खोली ठरवा.

जुन्या तक्त्यांतल्या ‘उजव्या वळणाच्या पॅचिडर्मा’ला (ज्याचं कवच उजवीकडे गुंडाळलेलं असतं आणि जो कोमट पाण्यात राहतो) आता निओग्लोबोक्वाड्रिना इनकॉम्प्टा म्हणतात. दोन्ही रकाने एकत्र केले तर थंड आणि कोमट पाणी एकाच बेरजेत जातं.

चाळणी आणि वाळवण

ध्रुवीय फोरामिनिफेरा आकाराने लहान असतात. १५० मायक्रॉनची चाळणी वापरली तर टर्बोरोटॅलिटा क्विंकेलोबासारख्या जाती बऱ्याच अंशी पाण्याबरोबर वाहून जातात. ६३ ते १५० मायक्रॉनमधला भाग फेकू नका. कण चिकटवलेली नाजूक कवचं वाळल्यावर चुरा होतात, ती ओलीच मोजावीत.

वय

दक्षिण महासागराचं पाणी जुना कार्बन घेऊन फिरतं. त्यामुळे अंटार्क्टिकाजवळच्या जिवंत प्राण्याचं रेडिओकार्बन वयही हजार वर्षांच्या वर भरतं. वय मोजायला सेंद्रिय गाळ सरसकट दिला तर हिमनद्यांनी खरवडून आणलेला प्राचीन कार्बन त्यात मिसळतो आणि आकडा आणखी फुगतो. कोअरच्या माथ्याचं वय सगळ्या थरांतून वजा करण्याची पद्धत आहे. पण हिमस्तराची कड जवळ-दूर होत गेली तर ही भेसळही बदलते आणि वजाबाकी फसते. चुनखडी कवचं थोडीशी जरी हाती लागली तर ती आधी पाठवा, आणि माथा खरोखर आजचा आहे का ते शिसे-२१० ने (अलीकडच्या शे-दीडशे वर्षांचा गाळ ओळखणाऱ्या किरणोत्सारी शिशाने) तपासा, कारण दट्ट्याच्या नळीने काढलेला पिस्टन कोअर वरचा मऊ चिखल बऱ्याचदा गमावूनच वर येतो.