घाटात कोणी पुढे निघून गेले, तर या चुका टाळा

पुण्याहून खडकवासल्यामार्गे सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रविवारी पहाटे सायकलस्वारांची वर्दळ असते. त्यांत शर्यतींची तयारी करणारे असतात, 200 आणि 300 किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरी, पूर्ण केलेले असतात आणि नुकतीच गिअरची सायकल घेतलेले नवशिकेही असतात. नवशिक्याला या रस्त्यावर कोणीतरी मागे टाकणारच, आणि त्यात काहीही वावगे नाही. मात्र मागे पडल्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांत तो जे करतो, ते पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण त्याच त्या चुका वर्षानुवर्षे नव्या चेहऱ्यांकडून होत आहेत आणि त्यांतील बहुतेक टाळता येण्याजोग्या आहेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पाठलाग. गोळेवाडीच्या नाक्यापासून गडावरील वाहनतळापर्यंतचा रस्ता सुमारे 9 किलोमीटरचा आहे आणि तेवढ्यात साधारण 600 मीटर उंची चढावी लागते. सायकल धरून 85 किलो वजन तेवढे वर न्यायचे, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 500 किलोज्यूल काम करावे लागते. हा चढ एका तासात पूर्ण करणाऱ्याला सलग 140 वॉट शक्ती लावावी लागते आणि 45 मिनिटांत पूर्ण करणाऱ्याला 185 वॉट. या दोन आकड्यांमधील अंतर सरावाने महिनोन्महिने कमवावे लागते. ते ईर्षेने भरून निघत नाही. ईर्षेने फार तर काही मिनिटे निभावतात, आणि त्या मिनिटांची किंमत उरलेल्या संपूर्ण घाटात चुकवावी लागते. शिवाय सपाटीवर पुढच्या सायकलच्या आडोशाने जो फायदा मिळतो, तो चढावर ताशी 9-10 किलोमीटरच्या वेगात जवळजवळ मिळतच नाही, कारण तेथे झगडा वाऱ्याशी नसून वजनाशी असतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटातील एका तरुणाचे जे झाले, ते मी त्याच्या थोडेसे मागून चढताना पाहिले. त्याच्याकडे नवी कार्बनची सायकल होती आणि पायांत क्लीटचे, म्हणजे पॅडलमध्ये अडकून बसणारे, बूट होते. घाट सुरू होताच साठी ओलांडलेले एक गृहस्थ जुन्या पोलादी सायकलवरून, जिचे गिअरचे खटके अजून खालच्या दांड्यावर होते, आम्हाला ओलांडून पुढे गेले. त्यांचे खांदे हलत नव्हते आणि पॅडलची लय तसूभरही बदलत नव्हती. तरुणाला चेव आला. तो सीटवरून उठला, जड गिअरवर उभ्याने पॅडल मारत त्यांच्या मागच्या चाकाला जाऊन भिडला आणि किलोमीटरभर टिकलाही. त्यानंतर एका तीव्र वळणावर पाय जड झाल्यावर त्याने पॅडलवर पूर्ण जोर असतानाच पुढची चेन मोठ्या चक्रावरून लहान चक्रावर टाकली. चेन लहान चक्रावर न बसता आतल्या बाजूला घसरली, पॅडल एकदम मोकळे फिरले, सायकल जागीच थांबली आणि बूट सुटण्याआधीच तो उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या मधल्या बाजूला पडला. गडावरून उतरणाऱ्या प्रवासी जीपच्या चालकाने वेळेवर ब्रेक लावला म्हणून प्रकरण कोपर आणि गुडघा खरचटण्यावर निभावले.

ते गृहस्थ आवाज ऐकून परत खाली आले. त्यांनी सायकल कडेला घेतली, मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, हाताने पुढे ढकलून चेन सैल केली, एका वाळक्या काटकीने ती उचलून लहान चक्राच्या खालच्या दात्यांवर अडकवली आणि पॅडल हातानेच सावकाश फिरवून पूर्ण बसवली. मग त्यांनी तरुणाला विचारले, “बाळा, सकाळी काय खाऊन निघालास?” त्याने फक्त चहा घेतला होता. खिशातील राजगिऱ्याचा लाडू त्याला देऊन ते त्याच्याबरोबर थांबले, परंतु तोवर त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते आणि त्याला तेथूनच परतावे लागले.

या एका प्रसंगात तीन चुका एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि मला वाटते की त्या बहुधा एकत्रच येतात. माझी स्वतःची सवय अशी आहे की घाटाच्या पहिल्या दोन किलोमीटरांत मी कोणाच्याही मागे जात नाही, मग पुढे जाणारा ओळखीचा असो वा अनोळखी. एक पूर्ण वाक्य न धापा टाकता बोलता आले पाहिजे, एवढीच कसोटी मी लावतो आणि वेग दाखवणारा पडदा त्या काळात पाहत नाही. पुढच्या चक्राचा गिअर मी चढ सुरू होण्यापूर्वी, सपाटीवरच उतरवून ठेवतो. मागचे गिअर बदलतानाही क्षणभर पॅडलवरील जोर कमी करतो. पहाटे निघण्यापूर्वी पोळी किंवा केळे खाल्ल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही, आणि दर अर्ध्या-पाऊण तासाला, भूक लागली नसली तरी, काहीतरी तोंडात टाकतो, कारण भूक जाणवेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

दुसरी चूक खरेदीची आहे आणि तिच्याबद्दल माझे मत ठाम आहे. मागे पडलेला नवशिका त्याच आठवड्यात दुकानात जातो आणि एक किलोने हलकी सायकल मिळवण्यासाठी मोठी रक्कम मोजतो. एकूण 85 किलोतील 1 किलो म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. तासाभराच्या चढावर त्याने सुमारे 40 सेकंद वाचतील. त्याऐवजी त्याने मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा संच, पाहावी. पुढे 34 आणि मागे 28 दात्यांचे चक्र असेल, तर मिनिटाला पॅडलच्या 60 फेऱ्या मारण्यासाठी ताशी सुमारे 9 किलोमीटरचा वेग राखावा लागतो. ज्याचा चढावरील वेग साडेसात आहे, त्याच्या फेऱ्या पन्नासाच्या खाली जातात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. मागे 34 दात्यांचे चक्र बसवले की तोच वेग 60 फेऱ्यांत मिळतो. मागचा डिरेलर तेवढे मोठे चक्र पेलतो की नाही, हे आधी मेकॅनिककडून तपासून घ्यावे. हा बदल कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणूनच घाईतल्या माणसाला तो सुचत नाही.

सपाट रस्त्यावर वेगळाच प्रकार घडतो. ओलांडून गेलेल्या गटाच्या मागे, कोणालाही न विचारता, नवशिका चिकटून बसतो आणि त्याचे पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला सरकते. पुढचा किंचित जरी वळला, तरी चाकाला चाक लागते आणि पडतो तो मागचा. “मागे राहिलो तर चालेल ना?” एवढे विचारावे, एक सायकल मावेल एवढे अंतर ठेवावे आणि नजर पुढच्याच्या चाकावर न ठेवता खांद्यांवरून पलीकडे ठेवावी, म्हणजे खड्डा आधी दिसतो.

ॲपवरील इतरांच्या वेळा घाट चढत असताना पाहू नयेत.

मागे टाकणाऱ्याची सायकल भारी होती, वय कमी होते, तो वरचा रस्ता ओळखत होता, अशी कारणे गोळा करण्यात वेळ घालवू नये. तो थांबल्यावर आठवड्यातून किती दिवस सराव करतो, हे त्याला सरळ विचारावे. चांगले सायकलस्वार हे सांगताना हातचे राखत नाहीत, असा माझा अनुभव आहे. “दोन महिन्यांत गड एका तासात” असे बेत मला कोणी सांगितले, की मी त्याला आधी 200 किलोमीटरच्या बीआरएमचे गणित करायला सांगतो. तिला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे थांबे धरून ताशी 15 किलोमीटरहूनही थोडा कमी वेग पुरतो. तरीही सुरुवातीला दुसऱ्याच्या वेगाने धावलेले लोक ती अर्ध्यावर सोडतात.

शेवटची चूक उताराची आहे आणि तिच्यात जिवाला धोका आहे. चढावर गेलेला वेळ उतारावर भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. रविवारी सकाळी उशिरा सिंहगडाच्या वळणांवर चारचाकी वाहनांची रांग लागते, दुचाकीस्वार समोरून मधोमध येतात आणि पावसाळ्यानंतर कडेला खडी साचलेली असते. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्याला घासून थांबवणारे ब्रेक, सतत दाबून ठेवल्यास रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. म्हणून वळणापूर्वी दोन्ही ब्रेक मिळून ठामपणे वेग कमी करावा, वळणात ब्रेक सोडावा आणि हात हॅण्डलच्या खालच्या वळणावर ठेवावेत. मी निम्म्या उतारावर एकदा थांबून रिमजवळ हात नेऊन पाहतो. ती फार तापलेली असेल, तर पाणी न ओतता ती आपोआप निवेपर्यंत कडेला उभा राहतो आणि त्या वेळात जे पुढे जातील त्यांना जाऊ देतो.