जुन्या कन्सोल गेमचं संगीत काढताय? या चुका टाळा

सेगाच्या 'सॉनिक सीडी' (१९९३) या मेगा-सीडीवरच्या (मेगा ड्राइव्ह कन्सोलला जोडायच्या सीडी यंत्रावरच्या) गेममध्ये एक लपवलेली साउंड टेस्ट, म्हणजे गेममधले आवाज वाजवून बघायचा पडदा आहे. शीर्षकाच्या पडद्यावर तीनदा खाली, मग डावीकडे, उजवीकडे आणि ए बटण दाबलं की ती उघडते. तिथे तीन वेगळे क्रमांक बदलता येतात: एफएम, पीसीएम आणि डीए. बहुतेक जण इथे येतात, एक-दोन गाणी ऐकतात आणि निघून जातात. गेममधून संगीत काढून त्याचा संग्रह करायला बसलेल्या माणसानं मात्र इथे थांबायला हवं, कारण आवाज कुठे कुठे ठेवलाय ते गेम इथे स्वतःच सांगतोय.

डीए म्हणजे डिस्कवर रेकॉर्ड केलेले साधे सीडी ऑडिओ ट्रॅक. एफएम ही मेगा ड्राइव्हची मूळची चिप, या गेममध्ये ती बहुतेक ध्वनिपरिणामांसाठी वापरली आहे. आणि पीसीएम म्हणजे मेगा-सीडीत बसवलेली रिकोची आठ चॅनेलांची चिप. गेममध्ये सात झोन आहेत आणि प्रत्येक झोनला वर्तमान, भूतकाळ, चांगला भविष्यकाळ, वाईट भविष्यकाळ असे चार काळ आहेत. त्यातलं भूतकाळाचं संगीत सीडी ट्रॅकवर नाहीच. ते डेटा ट्रॅकमधून वाचलं जातं आणि पीसीएम चिप ते वाजवते.

म्हणून पहिली आणि सर्वांत जास्त होणारी चूक ही: डिस्क ड्राइव्हमध्ये घालायची, ऑडिओ ट्रॅक काढायचे आणि 'साउंडट्रॅक पूर्ण' असं फोल्डरला नाव द्यायचं. 'सॉनिक सीडी'च्या बाबतीत असा संग्रह प्रत्येक झोनमागे एका गाण्यानं तोकडा राहतो. अमेरिकन आवृत्तीसाठी स्पेन्सर निल्सन आणि सहकाऱ्यांनी नवं संगीत केलं, जपान आणि युरोपच्या आवृत्तीत नाओफुमी हाताया आणि मासाफुमी ओगाता यांचं संगीत राहिलं. पण बदलता आले ते सीडीवरचे ट्रॅक. भूतकाळाचं पीसीएम संगीत अमेरिकन डिस्कवरही जपानीच राहिलं. हा गेम मन लावून ऐकायचा तर ही गाणी वगळून चालतच नाही. ती मिळवायची तर रिकोची चिप ओळखणाऱ्या इम्युलेटरमधून (संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधून) व्हीजीएम या, चिपला दिलेल्या आज्ञा टिपणाऱ्या फॉरमॅटमध्ये नोंद करून घ्यावी लागते.

कुठलाही गेम हातात घेतला की आधी एकच प्रश्न विचारा: आवाज नेमका कुठे राहतो? तो चिपला दिलेल्या आज्ञांमध्ये असेल, सॅम्पल (छोटे रेकॉर्ड केलेले आवाज) आणि स्वरलिपीच्या जोडीत असेल किंवा सरळ रेकॉर्ड केलेल्या प्रवाहात असेल. कित्येक गेममध्ये दोन, कधी तिन्ही प्रकार एकत्र नांदतात. हे न बघता साधन निवडलं की पुढचं सगळं चुकतं. कन्सोलनुसार फॉरमॅट ठरलेले आहेत: निन्टेन्डोच्या आठ-बिटसाठी एनएसएफ, गेम बॉयसाठी जीबीएस, सुपर निन्टेन्डोसाठी एसपीसी, मेगा ड्राइव्हसाठी व्हीजीएम, पहिल्या प्लेस्टेशनसाठी पीएसएफ, निन्टेन्डो ६४ साठी यूएसएफ. पण फॉरमॅटचं नाव माहीत असणं वेगळं आणि त्या गेममधलं सगळं संगीत त्यात मावतं का हे माहीत असणं वेगळं.

प्लेस्टेशनच्या डिस्कवर सर्वांत जास्त नुकसान होतं ते साध्या कॉपी-पेस्टमुळे. डिस्क संगणकात घातली, आत एक्सए नावाची (रेकॉर्ड केलेल्या आवाजाची) मोठी फाइल दिसली, ती ओढून डेस्कटॉपवर टाकली. कधी कॉपी मध्येच अडते, कधी पूर्ण होते पण फाइल वाजत नाही. कारण साधं आहे. डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे माहितीचा तुकडा, कच्च्या स्वरूपात २३५२ बाइटचा असतो. साध्या डेटा सेक्टरमध्ये त्यातले २०४८ बाइट उपयोगाचे, पण एक्सए आवाजाचे सेक्टर वेगळ्या जातीचे असतात आणि त्यात २३२४ बाइट माल असतो. संगणक प्रत्येक सेक्टरचे २०४८ बाइट घेतो, उरलेले सोडून देतो, आणि कुठला सेक्टर कुठल्या चॅनेलचा हे सांगणारा भागही टाकून देतो. ती फाइल मग कुठल्याही साधनानं दुरुस्त होत नाही, कारण माहिती आलेलीच नसते.

चॅनेलची ही माहिती का लागते तेही समजून घ्या. प्लेस्टेशन डिस्क दुप्पट वेगानं फिरवतो, म्हणजे सेकंदाला १५० सेक्टर. ३७,८०० हर्ट्झच्या स्टिरिओ एक्सए आवाजाला त्यातला दर आठवा सेक्टर पुरतो. मग मधले सात रिकामे कशाला सोडायचे? तिथे आणखी सात गाणी गुंफली जातात. एका फाइलमध्ये आठ गाण्यांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसलेले असतात. चॅनेल वेगळे न करता ती फाइल वाजवली तर सेकंदाच्या सुमारे एकोणिसाव्या भागागणिक गाणं बदलत राहतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं डिस्क खराब आहे. उपाय एकच: आधी संपूर्ण डिस्कची कच्ची इमेज (हुबेहूब प्रत) काढा, बिन आणि क्यू अशा जोडीत, आणि मग जेपीएसएक्सडेकसारख्या साधनानं त्या इमेजमधून आवाज वेगळे करा.

आयएसओ फाइलवर काम करणं हीसुद्धा याच जातीची चूक. आयएसओमध्ये फक्त डेटा ट्रॅक येतो, त्यामुळे ज्या गेमचं संगीत सीडी ऑडिओत आहे त्याचं सगळं संगीतच बाहेर राहतं. क्यू फाइल हरवलेली नुसती बिन फाइलही तितकीच अडचणीची, कारण ट्रॅक कुठे सुरू होतो ते क्यूमध्येच लिहिलेलं असतं. इमेज काढल्यावर तिचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) रीडम्प या डिस्कच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी जुळवून बघा. जुळला नाही तर पुढचं काम थांबवा. ओरखडे पडलेल्या डिस्कवरून काढलेला टक-टक आवाज नंतर कुठल्याही फिल्टरनं नीट जात नाही.

एक सावधगिरी: मेगा-सीडीच्या डिस्कवर पहिला ट्रॅक डेटाचा असतो, पीसी इंजिन या दुसऱ्या कन्सोलच्या सीडीवर मात्र पहिल्या ट्रॅकवर सूचनेचा आवाज आणि दुसऱ्यावर डेटा. डेटा ट्रॅक चुकून ऑडिओ म्हणून मोठ्या आवाजात वाजला तर कर्कश खरखर येते आणि स्पीकरला इजा होऊ शकते. हेडफोन लावून तर हा प्रयोग करूच नका.

आता सुपर निन्टेन्डो. या कन्सोलचा आवाज हा स्वतंत्र संसार आहे: सोनीची एसपीसी७०० चिप, तिची स्वतःची ६४ केबी मेमरी, आठ चॅनेल. एसपीसी फाइल म्हणजे त्या मेमरीचा आणि चिपच्या रजिस्टरांचा एका क्षणाचा फोटो. संपूर्ण फाइल जेमतेम ६६,०४८ बाइटची, म्हणून ती काढणं खूप सोपं वाटतं, आणि गडबड इथेच होते. गाणं सुरू झाल्यावर दोन सेकंदांनी बटण दाबलं तर ते गाणं कायमचं दोन सेकंद पुढूनच सुरू होणार. मेनूमधून पुढे जाताना कर्सरचा 'टिंग' वाजत असेल तर तोही फोटोत येतो. आधीच्या गाण्याचा प्रतिध्वनी मेमरीत शिल्लक असेल तर नव्या गाण्याच्या सुरुवातीला जुन्याची सावली ऐकू येते.

यासाठी पहिल्या स्वराच्या क्षणी आपोआप फोटो काढण्याची सोय असलेला इम्युलेटर वापरा. फाइल तयार झाली की ती लगेच वेगळ्या प्लेयरमध्ये उघडा आणि दोन लूप, म्हणजे गाण्याच्या दोन फेऱ्या, होईपर्यंत ऐका. हे कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा मार्ग नाही, कारण काही गाणी सुरुवातीला अगदी व्यवस्थित वाजतात आणि मिनिटाभरानं गप्प होतात. अशा वेळी ध्वनिचिप मुख्य प्रोसेसरच्या पुढच्या आज्ञेची वाट बघत असते आणि एसपीसी फाइलमध्ये मुख्य प्रोसेसर नसतोच. 'टेल्स ऑफ फँटेझिया'सारखा गेम सुरुवातीचं गायलेलं गाणं वाजता वाजता मेमरीत भरत जातो. ६४ केबीच्या एका फोटोत ते मावणार कसं? तिथे एसएनएसएफ हा फॉरमॅट घ्यावा लागतो, कारण त्यात मुख्य प्रोसेसरही सोबत चालतो.

आठ-बिट निन्टेन्डोचा प्रश्न वेगळाच आहे. त्याच्या जपानी अवताराला, म्हणजे फॅमिकॉमला, कॅसेटमधूनच जादा ध्वनिचिप जोडता येत असे. अमेरिकन कन्सोलमध्ये कॅसेटच्या खाचेतून आवाज आत मिसळण्याची सोय नव्हती. त्यामुळे कोनामीच्या 'कॅसलव्हेनिया ३'चा जपानी अवतार, म्हणजे १९८९ चा 'अकुमाजो देन्सेत्सु', व्हीआरसी६ चिपवर दोन जादा पल्स आणि एक सॉटूथ (चिपनं तयार केलेल्या लहरींचे प्रकार) आवाज घेऊन वाजतो आणि अमेरिकन अवतार त्यांच्याशिवाय. अमेरिकन रॉममधून (कॅसेटच्या प्रतीमधून) काढलेला एनएसएफ चुकीचा म्हणता येणार नाही, पण तो त्या संगीताचा एक अवतार झाला. दोन्ही ठेवा आणि नावात देश लिहा. आणखी एक गोष्ट: काही जुने प्लेयर जादा चिप ओळखत नाहीत आणि ते चॅनेल गुपचूप गाळून टाकतात. ओळखीचं गाणं फार मोकळं मोकळं वाटलं तर आधी प्लेयरवर संशय घ्या.

वेगाबद्दल आपल्याकडच्या वाचकांना थोडं जास्त सांगावं लागेल. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात घरोघरी जे टीव्ही गेम होते ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि आपले टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे ५० हर्ट्झचे. या गेमचं संगीत दर फ्रेमला एक पाऊल पुढे सरकतं. मूळ जपानी किंवा अमेरिकन मशीनवर सेकंदाला साठ पावलं, पालवर पन्नास. म्हणजे तेच गाणं सुमारे १७ टक्के सावकाश. युरोपच्या अधिकृत पाल मशीनवर प्रोसेसरही सावकाश चाले, त्यामुळे गेममध्ये वेगळी दुरुस्ती केलेली नसेल तर स्वरही खाली उतरे. पालसाठी बनवलेल्या अनेक नकलांमध्ये मात्र प्रोसेसर जवळजवळ मूळ वेगाचाच ठेवला होता, म्हणून स्वर जागेवर आणि लय संथ. काही नकलांमध्ये तर पल्स आवाजाचे दोन प्रकार आपसांत बदललेले होते, त्यामुळे नादाचा पोतच वेगळा.

म्हणून एनएसएफ उघडल्यावर 'आमच्या लहानपणी असं नव्हतं, हे फार भरभर वाजतंय' असं वाटलं तर फाइलवर हात चालवू नका. आठवण खरी आहे, पण ती दुसऱ्या यंत्राची आहे. त्या आवाजाचा संग्रह जरूर करा, मी तर म्हणेन आवर्जून करा, कारण तो जपण्याचा विचार फार कमी लोक करतात. पण तो खऱ्या मशीनवरून रेकॉर्ड करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मूळ फाइलचा वेग ओढूनताणून आठवणीशी जुळवू नका. आणि हाच नियम सुपर निन्टेन्डोला लावू नका. त्याच्या ध्वनिचिपला स्वतःचं घड्याळ आहे, त्यामुळे तिथे पाल आवृत्तीतलं संगीत सहसा संथ होत नाही.

प्लेस्टेशनच्या स्वरलिपीवर चालणाऱ्या संगीतासाठी व्हीजीएमट्रान्ससारखं साधन मिडी (स्वरांची नोंद) आणि साउंडफॉन्ट (वाद्यांच्या आवाजांचा संच) काढून देतं. चाल समजून घ्यायला, वाजवून बघायला हे उत्तम. पण प्लेस्टेशनच्या ध्वनिचिपचा रिव्हर्ब (घुमणारा नाद) मिडीत येत नाही, म्हणून संग्रहात त्याला मूळ म्हणून जागा देऊ नका. मूळ म्हणजे पीएसएफ.

लूपबद्दल थोडक्यात. गाणं दोनदा वाजवून दहा सेकंदांत मंद करत संपवणं ही रूढ पद्धत आहे आणि व्हीजीएमस्ट्रीम हा प्लेयर मुळात तेच करतो. ऐकण्यासाठी ते ठीक. पण जपून ठेवायची ती मूळ फाइल, लूपच्या खुणांसकट. एमपी३ करून मूळ फाइल पुसून टाकली तर लूपची नेमकी जागा गेली, आणि एमपी३च्या सुरुवातीला व शेवटी चिकटणाऱ्या बारीकशा शांततेमुळे गाणं पुन्हा सलग जोडताही येत नाही. प्रवासात ऐकायला हवं तर मूळ फाइलवरून फ्लॅक किंवा एमपी३ची वेगळी प्रत करा.

संग्रह पूर्ण झाला हे कशावरून ठरवायचं? अधिकृत अल्बमच्या यादीवरून नाही. अल्बममध्ये छोट्या धून गाळलेल्या असतात, कधी दोन गाणी एकत्र केलेली असतात, कधी नव्यानं वाजवलेली. साउंड टेस्टही अपुरी असू शकते. खरी यादी गेमच्या आतल्या गाण्यांच्या तक्त्यात असते, म्हणून शून्यापासून शेवटच्या क्रमांकापर्यंत प्रत्येक क्रमांक वाजवून बघा आणि जे गेममध्ये कधीच ऐकू येत नाही तेही ठेवा. एनएसएफमध्ये ध्वनिपरिणामांनाही गाण्यांसारखेच क्रमांक मिळालेले असतात, ते वेगळे करा पण फेकू नका.

आवृत्त्यांचं गणितही इथेच येतं. 'सॉनिक ३' मेगा ड्राइव्हवर १९९४ मध्ये आला. १९९७ च्या विंडोज संग्रहात कार्निव्हल नाइट, आइसकॅप आणि लाँच बेस या झोनचं संगीत निराळंच आहे. पुष्कळांना ते नंतर बसवलेलं वाटायचं. २०१९ मध्ये नोव्हेंबर १९९३ चा प्रोटोटाइप (विक्रीआधीची कच्ची आवृत्ती) लोकांसमोर आला आणि ती गाणी त्यात आधीपासूनच होती. ज्यांनी विंडोज आवृत्तीचं संगीत 'मूळ नाही' म्हणून काढून टाकलं होतं, त्यांच्या संग्रहातून या झोनचं आधीचं संगीतच गेलं होतं.

फाइलला नाव देताना गेममधला क्रमांक आधी, गाण्याचं नाव नंतर, आणि शेवटी देश व आवृत्ती. नाव अधिकृत अल्बमवरून घेतलं असेल तर तसं नोंदवा, स्वतः ठेवलं असेल तर तेही. सोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवा: कुठल्या डिस्कवरून किंवा कॅसेटवरून काढलं, तिचा चेकसम काय, साधन कुठलं आणि त्याची आवृत्ती कुठली. इम्युलेटर सुधारत जातात. पाच वर्षांनी तेच गाणं पुन्हा काढायची वेळ आली तर कुठल्या फाइली बदलायच्या आणि कुठल्या तशाच ठेवायच्या, हे त्या नोंदीवरूनच कळेल.