लिंबाखालचा वर्ग : प्राथमिकच्या मुलांना बाहेर कसं शिकवावं

मुलांना निसर्गात न्यायचं म्हटलं की शाळेत आधी बस, वर्गणी आणि डब्यांची चर्चा सुरू होते. एवढा घाट घालायची गरज नाही. वर्षातून एकदा लांब नेण्यापेक्षा दर आठवड्याला अर्धा तास एकाच जागी न्या. तीच जागा पुन्हा पुन्हा पाहिली की तिथं काय बदललं हे मुलं आपणहून सांगू लागतात.

जागा निवडा. शाळेच्या आवारातच असेल तर उत्तम, नाहीतर रस्ता ओलांडावा लागणार नाही अशी. सोलापुरात लिंबाला तोड नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर पानगळ आणि कोवळी पालवी, पाडव्याच्या सुमारास फुलोरा, शाळा उघडते तेव्हा खाली लिंबोळ्यांचा सडा. शालेय वर्षाचं वेळापत्रकच झाडावर लागलेलं असतं. लिंब नसेल तर चिंच, उंबर किंवा कुंपणाकडेची तणाची पट्टीही चालते.

वेळ ठरवा. पावसाळा आणि थंडीत कोणताही तास चालेल. मार्चपासून सकाळची शाळा असते, तेव्हा पहिलाच तास घ्या. आपल्या उन्हाशी पैज लावू नये. आनंददायी शनिवारचा, म्हणजे शनिवारी शाळेत उपक्रमांसाठी राखलेला, वेळ यासाठी हक्कानं वापरता येतो.

निघण्याआधी. आवाराबाहेर जाणार असाल तर मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची चिठ्ठी घ्या. एकट्या बाईंना किंवा गुरुजींना अख्खा वर्ग आवरत नाही, दोन पालक सोबत घ्या. मुलांच्या जोड्या लावा. टोपी, पाण्याची बाटली, पायात बूट. दगड उचलून पाहायचे नाहीत, खाली विंचू असू शकतो. गाजर गवताला हात लावायचा नाही, अंगाला खाज सुटते. झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर सरळ दुसरं झाड शोधा.

पहिल्या दिवशी काही शिकवू नका. प्रत्येक जोडीला हातभर सुतळी द्या. ती जमिनीवर गोल ठेवायची आणि पाच मिनिटं फक्त त्या गोलात काय काय आहे ते पाहायचं. पहिलं मिनिट ‘काहीच नाही सर’ असं ऐकू येईल. मग कुणाला मुंगी दिसते, ती ओढत असलेलं पंख दिसतं, कोरड्या धुळीत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी दबा धरलेला किडा सापडतो. नावाची घाई करू नका. तुम्हाला नाव माहीत नसेल तर वर्गानंच एखादं ठेवावं, खरं नाव नंतर शोधता येतं. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेत सांगू द्या. परिसर पाहताना मराठीची परीक्षा नको.

सावली मोजा. माझा सगळ्यात आवडता उपक्रम. मैदानात एक मीटरची सरळ काठी उभी रोवा. महिन्यातून एकदा, भर दुपारी, सावलीच्या टोकाला खुंटी ठोका आणि अंतर मुलांना वितीनं, मग पट्टीनं मोजू द्या. सोलापुरात सूर्य सर्वांत वर येतो तो साडेबाराच्या आसपास, कारण भारताची प्रमाणवेळ आपल्यापेक्षा बऱ्याच पूर्वेच्या रेखांशावरून ठरते. डिसेंबरच्या शेवटी ही सावली उत्तरेला पडते आणि सुमारे ८७ सेंटीमीटर भरते. जूनच्या शेवटी जेमतेम १० सेंटीमीटर, आणि तीही दक्षिणेला! मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सावली काठीच्या पायाशीच नाहीशी होते. मेमध्ये सुट्टी आणि ऑगस्टमध्ये ढग, त्यामुळे ती गाठणं नशिबाचा भाग आहे. तरी काठी रोवून ठेवा.

माती बरणीत घाला. एका बरणीत काळी माती, दुसरीत मुरूम, दोन्हींत पाणी घालून हलवा आणि खिडकीत ठेवा. मुरूम लगेच तळाला बसतो, काळ्या मातीचं पाणी बराच काळ गढूळ राहतं. उन्हाळ्यात हीच माती भेगाळलेली दाखवा: तिचे बारीक कण पाण्यानं फुगतात, वाळले की आकसतात. ओल धरून ठेवते म्हणूनच पाऊस सरताना पेरलेली मंगळवेढ्याची ज्वारी तिच्यात येते, हे चौथीच्या मुलाला बरणी पाहून पटतं.

वही ठेवा, पण निबंध नको. तारीख, एक चित्र, एक प्रश्न. त्यात लाल पेन चालवू नका.

लिंबोळ्या पेरा. त्यांची उगवणशक्ती लवकर जाते. गर धुऊन बी सावलीत सुकवा आणि दोन-तीन आठवड्यांच्या आत दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावा.

एवढं जमलं की मोठी सहल जरूर काढा. हिवाळ्यात हिप्परग्याच्या तलावावर पाणपक्षी येतात. बार्शी रस्त्यावर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. जाण्याआधी वनविभागाकडे चौकशी करा. माळढोक आता फारच दुर्मीळ झाला आहे, त्यामुळे तो दिसेल असं मुलांना आधीच कबूल करू नका. काळवीट दिसण्याची शक्यता पुष्कळ जास्त, आणि गवतात कोण कोण राहतं हे शोधायला सुतळी सोबत न्यायला विसरू नका.