मोठ्या आतड्याचा कॅन्सर: धोका कशाने वाढतो आणि कमी कसा करायचा

शौचातून रक्त पडलं की घरात पहिला शब्द निघतो तो मूळव्याध. बऱ्याचदा ती असतेही. पण मूळव्याध आणि आतड्यातली गाठ एकाच माणसाला एकाच वेळी असू शकते. म्हणून डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मलम किंवा चूर्णावर दिवस काढू नका. शौचाची सवय तीन आठवड्यांहून जास्त बदललेली राहिली, वजन उतरलं, पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं लोह कमी होऊन हिमोग्लोबिन घटलं, तरी आतडं तपासून घ्या. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी कारण सापडत नाही.

पन्नाशीनंतर धोका वाढतो. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा कॅन्सर झाला असेल, तर चाळिशीत किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या 10 वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं पाहण्याच्या तपासणीबद्दल, डॉक्टरांशी बोला. आतड्यातल्या कोंबाचा, म्हणजे पॉलिपचा, कॅन्सर व्हायला बहुधा 10 वर्षांच्या आसपास लागतात. तोवर तो बहुतेक वेळा दुर्बिणीतूनच काढता येतो.

जेवणातल्या तंतूंनी (फायबरने) हा धोका कमी होतो, आणि ताटाबाबत सोलापूर नशीबवान आहे. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात. प्रत्येकी 60 ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या म्हणजे सुमारे 12 ग्रॅम तंतू. दिवसाला 30 ग्रॅमपर्यंत जायला वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी आणि एक पेरू जोडा. पीठ बारीक चाळून कोंडा टाकू नका. शेंगाचटणी तोंडी लावायलाच ठेवा, तिच्यावर भाकरी संपवली की भाजी राहून जाते. तंतू एकदम वाढवले तर पोट फुगतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. इथल्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर उलट बद्धकोष्ठ होतो.

मटण आठवड्याला शिजवलेलं 350 ते 500 ग्रॅमच्या आत ठेवा, करपवू नका. सॉसेज, सलामी रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. दारू, विडी, सिगारेट सोडा. कंबर पुरुषांनी 90, बायकांनी 80 सेंटिमीटरच्या आत ठेवावी. दुकानात दिवसभर बसणाऱ्यांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालावं.

काही त्रास नसेल तर शौचाच्या नमुन्यातलं रक्त शोधणारी फिट चाचणी करता येते. रक्त दिसत असेल तर तिच्यावर विसंबू नका, थेट डॉक्टरांकडे जा. कोलोनोस्कोपी ठरली की लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून बंद करा, त्यांनी शौच काळं पडून आतडं नीट दिसत नाही. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून कधीच थांबवू नका.