‘आजकालच्या पोरांत दमच नाही’ म्हणण्याआधी काय काय तपासायचं

मी शाळेत पीटी शिकवतो, त्यामुळे दर पालकसभेत एक वाक्य ठरलेलं असतं, ‘सर, आजकालच्या पोरांत दमच नाही ओ, सगळं त्या मोबाईलनं वाटोळं केलंय’. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मीपण मान डोलवायचो. मग एकदा कपाट आवरताना जुनी रजिस्टरं हाताला लागली, त्यात ६०० मीटरची टायमिंग लिहिलेली, आताच्या पोरांशी ताडून बघितली तर आताची पोरं चांगलीच मागं. म्हटलं झालं, पुरावा मिळाला, पुढच्या पालकसभेत हाच कागद फडकवायचा. फडकवला नाही ते बरं झालं, का ते सांगतो पुढं.

तेव्हापासून ‘लोकांचा फिटनेस घसरलाय आणि त्याचं कारण अमुक’ असं कोणी म्हटलं की मी कारणावर वादच घालत नाही. आधी विचारतो, घसरलंय म्हणजे नक्की काय घसरलंय? धाप लागते का, ताकद कमी झाली का, अंग वाकत नाही का, वजन वाढलं का, की नुसतं चालणं-फिरणं कमी झालंय? ही पाच वेगवेगळी दुखणी आहेत आणि आपण सगळ्यांना मिळून ‘दम नाही’ म्हणतो.

२०२४ च्या जूनमधली बातमी आठवते का, निम्मे भारतीय अनफिट म्हणून? ती लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय मासिकातल्या अभ्यासावरून होती. २००० साली आपल्याकडचे २२.३ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, २०२२ ला ते ४९.४ टक्के झाले, आणि बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. आकडा मोठा आहे, काळजीचाही आहे, पण यात कोणाला पळवून बघितलेलं नाही. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम हालचाल होते का असं विचारून केलेल्या वेगवेगळ्या सर्व्हेंवरून काढलेला अंदाज आहे हा. शेतातली, घरातली, जाण्यायेण्याची हालचालपण त्यात धरतात, पण ती आठवून सांगायची असते, आणि दिवसभर राबणाऱ्या बाईला विचारलं तर ती म्हणणार ‘मी कुठं काय करते’. तर हालचाल कमी झाली ही एक गोष्ट आणि फिटनेस घसरला ही दुसरी. पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच.

अमेरिकेत तर याच्यावरून राष्ट्राध्यक्ष हादरले होते. १९५० च्या दशकात क्राऊस-वेबर नावाची टेस्ट घेतली, अमेरिकेतली जवळजवळ ५८ टक्के पोरं नापास आणि युरोपातली ९ टक्केसुद्धा नाहीत. आयसेनहॉवरनी १९५६ मध्ये पोरांच्या फिटनेससाठी थेट कौन्सिलच नेमली. आता टेस्ट काय होती बघा, साध्या सहा हालचाली, त्यातली एक जरी जमली नाही तरी आख्खा नापास, आणि बहुतेक पोरं गुडघे न वाकवता पायाची बोटं टेकवण्यात अडकली. पळायचं कुठं नव्हतंच. म्हणजे नापास झाल्या पोटऱ्या-मांड्या, आणि बोंब झाली की पोरं मऊ पडली.

आपल्याकडं उलटी चूक जास्त होते, बारीक म्हणजे फिट. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण एकाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि दुसऱ्याच्या २१.२ टक्के, आणि ती जास्तवाली आपल्या पुणेकर डॉक्टरांची. त्यामुळे वजनकाट्यावरून वर्गाचा फिटनेस ठरवायला मी आता भितो.

दुसरा प्रश्न, मोजलं कोणाला? आता माझ्या रजिस्टरचं सांगतो. जुन्या रजिस्टरातली नावं नीट वाचली तर ती सगळी कबड्डी आणि खो-खोच्या टीमची पोरं निघाली. त्या काळी टायमिंग घ्यायचे ते निवडीसाठी, बाकीचा वर्ग कडेला बसून शिट्ट्या मारायचा. आता आम्ही खेलो इंडियाच्या ॲपवर नोंदी भरतो, ५० मीटर, ६०० मीटर, पुश-अप वगैरे, आणि त्यात सगळा वर्ग येतो, सायकलवरून कालच पडलेला पण आणि ज्याला पळायचंच नाहीये तो पण. म्हणजे मी तेव्हाच्या टीमची तुलना आताच्या गर्दीशी करत होतो! दुसरी गंमत म्हणजे जुन्या मैदानावर ६०० मीटर म्हणजे लिंबाच्या झाडाला वळसा घालून तीन राऊंड, असं एका माजी विद्यार्थ्यानं सांगितलं, तो आता स्वतः बाप झालाय. त्याच्यासोबत जाऊन टेप लावली तर तीन राऊंड पाचशेच्या आसपासच भरले. टेप गुंडाळताना तो म्हणाला सर आम्ही तर स्वतःला लय फास्ट समजायचो.

हीच चूक एका आख्ख्या साम्राज्यानं केली होती. साधारण १९०० च्या सुमारास, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी इंग्लंडमध्ये सैन्यात भरती व्हायला आलेली बरीच पोरं बाद व्हायला लागली, पाचातले तीन कामाचे नाहीत असं एका जनरलनं लिहिलं, आणि सगळीकडं ओरड झाली की इंग्रजांचं रक्तच खालावत चाललंय. सरकारनं कमिटी बसवली, १९०४ ला अहवाल आला, आणि त्यात म्हटलं की वंश खालावत चाललाय असा पुरावा काही मिळत नाही. भरतीला येत होते ते मुख्यतः शहरातले गरीब, कोंदट खोल्यांत वाढलेले, पोटभर न जेवलेले, त्यांच्यावरून सगळ्या देशाचा अंदाज कसा बांधणार. मग १९०६ ला शाळेतल्या जेवणाचा आणि १९०७ ला शाळेत वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला. रक्ताला दोष देत बसले असते तर पोरांना जेवण मिळालं नसतं.

पोलीस भरतीच्या मैदानावर मला हे दरवेळी आठवतं. १६०० मीटरला पोरं मधेच बसली की बघणारे म्हणतात बघा पिढी कशी झालीये. अरे पण नोकऱ्या नसल्या की भरतीला कोण कोण येतं ते बघा की, वर्षभर अकॅडमीत राबलेला येतो आणि फॉर्म भरलाय म्हणून आलेलापण येतो, दोघं एकाच रांगेत. उमेदवार वाढले की सरासरी पडणारच, त्याला पिढी खराब व्हायची गरज नाही.

आणि हो, आजोबा. ‘आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षी गड चढायचे’ हे ज्यांच्या घरात ऐकलंय त्यांनी हात वर करा. चढत असतील, पण स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडं सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं, म्हणजे जे तग धरून राहिले तेच आपल्याला आजोबा म्हणून दिसले. जे लहानपणीच गेले ते गड चढायला आलेच नाहीत तुलनेला.

बरं, समजा एवढं सगळं तपासलं आणि घसरण खरीच निघाली. निघते बरं का, काही ठिकाणी. २०१३ साली एक अभ्यास जगभर गाजला, की आताची पोरं त्यांच्या आईबापांच्या पिढीपेक्षा एक मैल पळायला साधारण ९० सेकंद जास्त घेतात. व्हॉट्सॲपवर तो अजून फिरतो, खाली मोबाईलचं चित्र लावून. आता इथं तारखा लावायच्या. त्याच संशोधकांच्या गटानं नंतर १९ देशांतल्या साडेनऊ लाखांहून जास्त पोरांच्या शटल रनचे, म्हणजे दोन खुणांमधे ये-जा पळण्याचे, आकडे बघितले, १९८१ ते २०१४ पर्यंतचे. एकूण घसरण ७ टक्क्यांच्या आसपास, पण ती झाली मुख्यतः आधीच्या काळात, २००० नंतर रेघ जवळपास सपाट. आयफोन आला २००७ ला, आपल्याकडं जिओ २०१६ ला. चोरी झाली नव्वदीत आणि चोर गावात आला २००७ ला, मग त्याला पकडायचं कसं? याचा अर्थ मोबाईल निर्दोष सुटला असं नाही, झोपेची वाट लावतो तो, आणि ते देश सगळे श्रीमंत किंवा मध्यम-श्रीमंत होते, आपला नव्हता त्यात. पण त्या घसरणीचा मुख्य आरोपी म्हणून त्याचं नाव लिहायचं असेल तर तारीख जुळत नाही, एवढंच.

तारखेनंतर बघायचं की एका आकड्यात दोन गोष्टी लपल्यात का. स्टॅमिना मोजतात तो व्हीओटू मॅक्सनं, म्हणजे मिनिटाला शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं, आणि त्याला वजनानं भागतात. आता वजन वाढलं की हृदय-फुप्फुस आहे तसंच असलं तरी भागाकार खाली येतो. वर्गात दाखवायचं असेल तर चांगल्या पळणाऱ्या पोराला एकदा रिकामं आणि दोन दिवसांनी पाच किलोचं दप्तर पाठीला बांधून पळवा, टायमिंग घ्या. इंजिन तेच आहे, गाडीत माल वाढलाय. त्या २०१३ च्या अभ्यासवाल्यांनीच सांगितलं होतं की घसरणीतला ३० ते ६० टक्के वाटा अंगातली चरबी वाढल्यानं समजावता येतो. मग ‘व्यायाम कमी’ हे उत्तर अर्धंच राहतं, ताटात काय बदललं तेपण विचारावं लागतं. आणि शाळेच्या गेटबाहेर काय विकतात तेपण, तो विषय काढला तर मी थांबणार नाही.

मग सगळ्यात अवघड भाग, कारण आणि परिणाम उलटे तर नाहीत ना. लंडनच्या डबलडेकर बसचा किस्सा पीटीवाल्यांना पाठ असतो. जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकानं १९५३ ला दाखवलं की दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त होतो. हे सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही, की त्याच मॉरिसनं १९५६ ला कंपनीच्या युनिफॉर्मची मापं काढली आणि बघितलं तर ड्रायव्हरांच्या कमरेचं माप नोकरीला लागल्यापासूनच मोठं होतं! म्हणजे काही फरक खुर्चीनं केला असेल, पण खुर्चीवर जाऊन बसणारा माणूसच थोडा वेगळा होता. स्वतःच्याच सिद्धांताला स्वतःच टाचणी लावली बाबानं, मला तो त्यासाठी जास्त आवडतो.

हे मला फार उशिरा कळलं. नववीतली एक मुलगी कायम झाडाखाली बसायची, दोन राऊंडला धाप, मी तिला आळशी म्हणायचो, मैत्रिणीचा मोबाईल घेऊन बसते म्हणून ओरडायचोपण. नंतर आरोग्य तपासणीत तिचं हिमोग्लोबिन फारच कमी निघालं. ती बसत होती कारण उभं राहवत नव्हतं, आणि बसली की हातात मोबाईल येतोच. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, काही महिन्यांनी पोरगी स्वतःहून रांगेत आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींत ५९ टक्के ॲनिमिक, म्हणजे रक्त कमी असलेल्या, निघाल्या. बोटाला टोचून घेतलेल्या रक्तात आकडा थोडा फुगतो असंही तज्ज्ञ म्हणतात, तरी निम्म्यावर काट मारली तरी वर्गात सात-आठ मुली होतात. त्यांना मैदानाचे दहा राऊंड मारायला लावून काय होणार.

अजून एक, कारण सापडलं की ते वाईटच असेल असं समजू नका. आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुली आधी पायी यायच्या, आता सरकारच्या मानव विकास योजनेतल्या निळ्या एसटीनं येतात. चालणं बंद झालं हे खरं, पण त्याच बसमुळं त्यांची शाळा दहावीपुढं चालू राहिली. त्यातली एकही बस कोणी बंद करा म्हणेल का? घरात नळ आला, गॅस आला, दारात ट्रॅक्टर आला, हालचाल सगळ्यानंच कमी झाली. तर कारण सापडल्यावर ते काढून टाकायचं नसतं दरवेळी, कधीकधी त्याची भरपाई दुसरीकडून करायची असते, म्हणजे पीटीचा तास गणिताच्या सरांना न देणं वगैरे.

तुमच्या शाळेत, सोसायटीत, तालमीत हे करून बघायचं असेल तर फार काही लागत नाही. टेप लावून अंतर मोजा आणि चुन्याची खूण पुसली तरी कळेल असा खुंटा ठोका. वर्षातून दोनदा, त्याच महिन्यात, त्याच वेळेला घ्या, मे महिन्यातलं ऊन आणि डिसेंबरची सकाळ यांची तुलना करू नका. सगळ्यांना घ्या, जो आला नाही त्याचं नावही लिहा आणि का आला नाही तेपण. वेळेच्या शेजारी वजन, उंची, शाळेत कसा येतो, नाश्ता करून आलाय का, आणि आरोग्य तपासणीत आला असेल तर हिमोग्लोबिनचा आकडा. मग तुमचं जे लाडकं कारण असेल, मोबाईल म्हणा, व्हॅन म्हणा, मैदान नसणं म्हणा, त्याच्यावरून वर्गाचे दोन गट पाडा आणि ज्यांना ते कारण लागूच नाही ती पोरं खरंच पुढं आहेत का बघा. माझा मोबाईलवाला अंदाज इथंच आपटला, वर्गात ज्यांच्या घरी फोनच नाही ती पोरं सगळ्यात मागं होती, आणि त्यातली बरीचशी सकाळी काही न खाता येत होती.

आता रजिस्टरात नाश्त्याचा रकाना पहिला आहे, वेळेचा त्याच्यानंतर.